काटा मधोमध, आकडा गायब

नव्या गाडीत कूलंटच्या तापमानाचा किंवा ऑईलच्या दाबाचा जादा मीटर बसवायचा विषय काढला की एकच ठरलेलं उत्तर मिळतं. शोरूममधला सल्लागार ते देतो, शेजारचा जाणकार देतो, आणि आता गॅरेजमधली तरुण मुलंही देऊ लागली आहेत. गाडीत कॉम्प्युटर आहे, जागोजागी सेन्सर आहेत, काही बिघडलंच तर दिवा लागेल. बॉनेट उघडून रोज पाणी बघायचा काळ गेला. जादा मीटर म्हणजे रेसिंगच्या नादाने गाडी सजवणाऱ्या पोरांचं काम. वायरिंगला हात लावलात तर वॉरंटी जाईल. आणि समजा आकडे दिसले, तरी तुम्हाला त्यातलं काय कळणार? हे सगळं इतक्या ठामपणे सांगितलं जातं की विचारणारा गप्प बसतो. माझं म्हणणं असं आहे की या उत्तरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि शेवटचं तर गाडीच्या मालकाचा अपमान करणारं आहे.

सुरुवात डॅशबोर्डवर आधीपासून असलेल्या काट्यापासून करू, कारण 'मीटर तर आहेच की' हा पहिला युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. जुन्या गाड्यांत तापमानाचा काटा सेन्सरला थेट जोडलेला असे. घाट चढताना तो वर सरके, उतरताना खाली येई. आजच्या बहुतेक गाड्यांत काटा सेन्सरशी नव्हे, कॉम्प्युटरशी बोलतो, आणि कॉम्प्युटर त्याला ठरवून स्थिर ठेवतो. साधारण ७५ अंशांपासून १०५ अंशांच्या पुढपर्यंत कूलंट कितीही असलं तरी काटा मधोमध उभा राहतो. काटा हलला की ग्राहक तक्रार घेऊन येतात, म्हणून कंपन्यांनी हा मार्ग काढला. माझदाच्या मियाटा या दोन आसनी गाडीत तर पुढची पायरी गाठली गेली. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ऑईलच्या दाबाचा खरा मीटर होता. १९९५च्या सुमारास त्याची जागा नुसत्या स्विचवर चालणाऱ्या काट्याने घेतली. थोडासा जरी दाब असला तरी काटा 'ठीक' दाखवणार, मग खरा दाब किती का असेना. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत तर काटाही उरलेला नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि हाताबाहेर गेलं की लाल दिवा, एवढंच. जो काटा ९० आणि १०५ यांत फरक करत नाही, त्याला मापन म्हणायचं कसं?

हा फरक किती मोठा आहे हे समजायला झाशीचा उन्हाळा पुरेसा आहे. २०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस तिथे पारा ४९ अंशांवर गेला होता. रेडिएटर इंजिनची उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, आणि किती टाकू शकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर हा फरक ७० अंशांचा. हवा ४९ अंशांची झाली की तो ४६ उरतो, म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद दोन-तृतीयांशावर येते. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो, तेव्हा रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा आधीच तापलेली असते. आता दतिया गेट डोळ्यांसमोर आणा. दतिया, उन्नाव, ओरछा, सागर, भांडेर अशा गावांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या झाशीच्या वेशींपैकी ही एक. तटाच्या आतल्या जुन्या वस्तीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. एसी पूर्ण जोरावर असतो, समोरून वारा नाही, सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर. त्यानंतर तीच गाडी महामार्गाला लागते. काश्मीर ते कन्याकुमारी आणि पोरबंदर ते सिलचर हे दोन्ही मोठे महामार्ग झाशीत एकमेकांना छेदतात. नेवाळकर घराण्याच्या राजवटीपासून झाशीत राहिलेल्या मराठी घरांचं नागपूर-पुण्याशी नातं अजून तुटलेलं नाही, आणि नागपूरचा रस्ता ललितपूर, सागर, सिवनीवरून भर उन्हातूनच जातो. बोअरचं क्षारयुक्त पाणी वरचेवर टाकून ज्याचा रेडिएटर अर्धवट तुंबला आहे, त्याला पुण्याच्या जानेवारीत काहीच जाणवणार नाही. झाशीच्या मे महिन्यात त्याचं कूलंट ९३ ऐवजी १०४ वर राहू लागेल, आणि डॅशबोर्डवरचा काटा तेव्हाही मधोमधच असेल. रेडिएटर साफ करून घ्यायची, पंखा तपासायची वेळ हीच असते. नेमक्या याच वेळी गाडी मालकाला काही सांगत नाही.

'दिवा लागेल' हा दुसरा युक्तिवाद. लागेल, यात वाद नाही. प्रश्न आहे तो कधी लागेल हा. तापमानाचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत ११५ ते १२० अंशांच्या आसपास पेटतो. पाणी आणि ग्लायकॉल यांचं निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. टाकीच्या झाकणाने दाब धरून ठेवलेला असतो म्हणून ते त्याच्याही वर तग धरतं. पण होज पाइप फाटला, प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला किंवा झाकणाचं रबर कडक झालं की दाब जातो आणि कूलंट तिथल्या तिथे उकळू लागतं. आजच्या इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हेड वाकडं झालं की गॅसकेट जातं, मग फेसिंग करावं लागतं, आणि बिल हजारांच्या घरात सुरू होऊन लाखाकडे सरकतं. ऑईलच्या दिव्याची गोष्ट याहून गंभीर आहे. तो साधारण ०.३ ते ०.५ बार दाबाला पेटतो. बऱ्याच इंजिनांना मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर ३ ते ४ बार दाब लागतो. महामार्गावर शंभरच्या वेगात तो दिवा लुकलुकला, तर त्याचा अर्थ दाब हवा त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यावर आला असा होतो. तोपर्यंत बेअरिंगा कोरड्या पडायला लागलेल्या असतात. आंधळ्या विश्वासाने ज्याची वाट बघायला सांगितली जाते तो दिवा नुकसानीची सूचना देतो. नुकसान टळेल इतक्या आधीची सूचना फक्त आकडाच देऊ शकतो, कारण दोन बारचा दीड बार होणं आकड्यातच दिसतं.

तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार समजला जातो: कॉम्प्युटरला सगळं कळतं. कॉम्प्युटरला बरंच काही कळतं, हे खरं आहे. पण ते कशासाठी गोळा केलं जातं? इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी द्यायची आणि धूर कायद्याच्या मर्यादेत कसा ठेवायचा, यासाठी. भारतात गाड्यांमधली निदानव्यवस्था, म्हणजे ओबीडी, पहिल्या टप्प्यात २०१० साली आणि दुसऱ्या टप्प्यात २०१३ साली सक्तीची झाली ती प्रदूषणाच्या नियमांचा भाग म्हणून. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं तेव्हाही तिचा पाया तोच राहिला. 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा मुळात धुरासाठी आहे. 'पी ०१२८' हा कोड बघा. इंजिन हवं तितकं गरम होत नाहीये, हे तो सांगतो, कारण थंड इंजिन जास्त धूर सोडतं. इंजिन रोज नेहमीपेक्षा आठ-दहा अंश जास्त तापतंय, हे सांगणारा दिवा मात्र कुठेच नाही. त्यात कायद्याला रस नाही, आणि वॉरंटी संपल्यावर कंपनीलाही फारसा नाही. रस फक्त मालकाला आहे, आणि माहिती फक्त त्यालाच मिळत नाही. ऑईलच्या दाबाचं तर बोलायलाच नको. ओबीडीच्या ठरावीक आकड्यांच्या यादीत तो नाहीच, आणि कित्येक गाड्यांत दाबाचा सेन्सर नसून फक्त एक स्विच असतो. जे मोजलंच जात नाही, ते कॉम्प्युटरला कसं कळणार?

कॉम्प्युटर सांभाळतोय म्हणून माणसाला आकडे नकोत, हा नियम खरा असता तर तो सर्वांत आधी मोठ्या यंत्रांना लागू झाला असता. झाशीचं डिझेल लोको शेड देशभरातल्या रेल्वेवाल्यांना माहीत आहे. डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये लोको पायलटसमोर वंगणतेलाचा दाब, इंधनाचा दाब, बूस्टर हवेचा दाब असे स्वतंत्र मीटर असतात. तेलाचा दाब धोक्याच्या खाली गेला तर इंजिन आपोआप बंद होण्याची सोयही तिथे असते. आपोआप बंद होतं, म्हणून मीटर काढून टाकावेत असं रेल्वेला कधी वाटलं नाही. बुंदेलखंडाच्या शेतातल्या ट्रॅक्टरलाही तापमानाचा आणि ऑईलच्या दाबाचा काटा असतो. मुंबईत महिंद्राने ज्या विलीज जीपची जुळवणी सुरू केली, तिच्या साध्या पत्र्याच्या डॅशबोर्डवर पेट्रोल, तापमान, ऑईलचा दाब आणि अँपिअर असे चारही काटे होते. जे यंत्र पोटापाण्यासाठी चालतं, त्याच्या चालकावर आकड्यांच्या बाबतीत विश्वास टाकला जातो. पंधरा-वीस लाख रुपये मोजणाऱ्या गृहस्थावर मात्र तो टाकला जात नाही.

म्हणूनच 'तुम्हाला काय कळणार' हा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकतो. आज घराघरांत रक्तदाब मोजायचं यंत्र आहे. ते वापरणारी आजी डॉक्टर नसते, पण आपला नेहमीचा आकडा तिला पाठ असतो आणि तो बदलला की ती दवाखाना गाठते. इंजिनच्या बाबतीत याहून जास्त विद्या लागत नाही. आपल्या गाडीचं कूलंट एसी लावून गावात किती, महामार्गावर किती, घाटात किती, हे महिनाभरात अंगवळणी पडतं. त्यापुढचं काम तुलनेचं आहे. काही खाचाखोचा आहेत, त्या शिकाव्या लागतात हे मान्य. आजकालच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर गरजेनुसार चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे व्होल्टेज कधी साडेबारा, कधी साडेचौदा दिसतं आणि तो बिघाड नसतो. काही नव्या इंजिनांत ऑईल पंपच कमी भाराला मुद्दाम कमी दाब देतो. पण हे तासाभरात समजण्यासारखं आहे. लोक घाबरतील म्हणून त्यांना अज्ञानात ठेवायचं, ही शिकवण आपण दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात मान्य केली असती?

कूलंटचा मीटरही फसवतो, असा एक आक्षेप काही अनुभवी मेकॅनिक घेतात, आणि त्यात तथ्य आहे. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच खरं तापमान कळतं. होज पाइप फुटून कूलंट एकदम वाहून गेलं, तर सेन्सर वाफेत किंवा हवेत लटकतो आणि इंजिन भाजत असताना आकडा खाली येतो. पण हा आक्षेप कंपनीच्या काट्याला आणि कंपनीच्या दिव्यालाही तितकाच लागू आहे, कारण तेही त्याच सेन्सरवर विसंबून असतात. मग यावरून मीटर नको असं कसं ठरतं? उलट कंपनीने जो सेन्सर दिला नाही तो आपण बसवायला हवा, असंच ठरतं. हेडच्या धातूवर बोल्टखाली कसलेला तापमानाचा सेन्सर कूलंट असो वा नसो, धातूचा ताप सांगतो. ऑस्ट्रेलियात गावं शेकडो किलोमीटर अंतरावर असलेल्या भागात असे अलार्म वर्षानुवर्षं वापरले जातात. त्याच्या जोडीला कूलंटची पातळी खाली गेली की वाजणारा अलार्म असला, तर या आक्षेपात काही उरत नाही.

वॉरंटी, कायदा आणि आग यांची भीती दाखवली जाते, तीही एकेक करून तपासू. ओबीडीच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचा मीटर एकही वायर कापत नाही. काढून घेतला की मागे खूण राहत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करायला मनाई करतं. तापमान दाखवणाऱ्या छोट्या पडद्याने नोंदणीतला कोणता तपशील बदलतो? आगीची भीती मात्र खोटी नाही. मिळेल त्या वायरला चिमटा लावून, फ्यूज न घालता जोडलेलं कुठलंही जादा सामान धोकादायकच असतं, मग तो हॉर्न असो, दिवे असोत की मीटर. ऑईलच्या दाबासाठी स्विचच्या जागी पितळी टी लावून त्यावर जड सेन्सर टांगला, तर कंपनाने टी तुटू शकतो आणि सगळं ऑईल रस्त्यावर जातं. तिथे छोटा होज टाकून सेन्सर बॉडीवर कसायला हवा. ऑईलची नळी थेट केबिनमध्ये आणणारा यांत्रिक मीटर तर आजच्या गाडीत नकोच. पुढच्या काचेलगतच्या खांबावर मीटर चिकटवण्याची फॅशनही सोडायला हवी, कारण पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग त्याच्यामागून बाहेर येते. आणि इंटरनेटला जोडलेलं ओबीडी उपकरण कायम लावून ठेवू नये. २०१५ साली अमेरिकेत संशोधकांनी अशाच एका उपकरणातून गाडीच्या ब्रेकपर्यंत पोचून दाखवलं होतं. या सगळ्या अटी मी मान्य करतो. पण त्या कसं बसवावं याविषयीच्या आहेत. बसवू नये, असं त्यांतल्या एकीतूनही निघत नाही.

लक्ष विचलित होतं, हा आक्षेप मोबाईलएवढे रंगीत पडदे डॅशबोर्डवर मिरवणाऱ्या गाड्यांच्या समर्थकांनी करावा, हे मला समजत नाही. गाणं कोणतं चाललंय, बाहेर ढग आहेत की ऊन, हे दाखवायला पडद्यावर जागा आहे. कूलंटचा आकडा आला की मात्र एकाग्रता आठवते. चांगल्या मीटरला मर्यादा ठरवून देता येते. आकडा तिच्या वर गेला की तो वाजतो, तोपर्यंत त्याच्याकडे बघायचीही गरज नसते. जोडून येणाऱ्या सुट्ट्यांत खंडाळ्याच्या घाटात गाड्या तापून बंद पडतात आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मैलोन् मैल रांगा लागतात. त्यातल्या ज्याला १०५ वर इशारा मिळाला असता, त्याने एसी बंद केला असता, हीटर चालू केला असता, कडेला जागा बघितली असती. त्याला इशारा मिळतो तो वाफ दिसल्यावर.

बीएस-६ डिझेल गाड्यांनी या वादात एक नवा आणि सर्वांत भक्कम मुद्दा आणला आहे. त्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. काजळी साचली की गाडी जादा डिझेल सोडून फिल्टर तापवते आणि काजळी जाळून टाकते. ही प्रक्रिया चालू आहे हे अनेक गाड्या चालकाला सांगतच नाहीत. महामार्गावरून आलेला माणूस दतिया गेटपाशी घरासमोर गाडी थांबवतो, चावी फिरवतो, आणि काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की फिल्टर तुंबतो, न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं आणि त्याच्या पट्टीवरची पातळी चढू लागते. शेवटी दिवा लागतो आणि फिल्टर बदलण्याचा खर्च ऐकून मालक हबकतो. सर्व्हिस सेंटर त्याला सांगतं की तुम्ही गाडी चुकीची चालवता. त्याला काजळीची टक्केवारी आणि 'सफाई चालू आहे' एवढेच शब्द दिसले असते, तर त्याने आणखी दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवली नसती का? माहिती कॉम्प्युटरमध्ये होती. ती दाबून ठेवली गेली, आणि दोष मालकाच्या माथी आला. वेगळा मीटर लावून हा आकडा बऱ्याच गाड्यांत वाचता येतो, आणि डिझेल गाडी गावात चालवणाऱ्या प्रत्येकाने तो लावावा असं मी आग्रहाने सांगतो.

खर्चाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. ओबीडीला लावायचं ब्लूटूथचं साधं उपकरण काही शे रुपयांत मिळतं, अलार्मसह चांगला मीटर काही हजारांत, आणि हेडचं एक काम या दोन्हींच्या कित्येक पट असतं. कूलंटचा आकडा तर आजच्या प्रत्येक गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून आहे. तो समोरच्या पडद्यावर दाखवायला नवा सेन्सर लागत नाही, नवी वायर लागत नाही, फक्त कंपनीची इच्छा लागते. कंपन्यांनी तो दाखवावा, आणि डीपीएफची स्थितीही दाखवावी, ही मागणी ग्राहकांनी गाडी बुक करतानाच करावी. ती मान्य होईपर्यंत कूलंट, ऑईलचा दाब आणि हेडचं तापमान यांचे मीटर जाणत्या माणसाकडून, फ्यूज घालून, नीट बसवून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बसवा, म्हणजे मे उजाडेपर्यंत तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा तुम्हाला माहीत झालेला असेल.